खिडकीतून मेकोंग दिसते

विएंतियान
२२ एप्रिल २००२

आईच्या पायांशी मणिवोनचा नमस्कार. ला, तुला मोठ्या बहिणीचा एक गालगुच्चा.

खामसिंग मजेत आहेत, मीही मजेत आहे. नव्या वर्षाला घरी येता आलं नाही. सणासुदीला गॅरेजात गाड्यांची नुसती रीघ लागते, आणि त्यांना एकटं टाकून मी कशी निघणार? इथल्या देवळात बुद्धाला पाणी घातलं तेव्हा आईच्या नावाचा एक तांब्या वेगळा घातला.

आमची खोली हवेशीर आहे. खिडकीतून मेकोंग दिसते. संध्याकाळी पलीकडे थायलंडचे दिवे लागतात, ते बघत मी भात वाफेवर चढवते. कशाची म्हणून कमतरता नाही.

आईचा गुडघा कसा आहे? सोमफेट काकांच्या बसमधून सुकवलेलं मांस पाठवते आहे. उत्तरही त्यांच्याच हाती दे, मी स्टँडवर येऊन घेते.

मणिवोन

---

वांग वियेंग
५ मे

मणिताई,

तुझं पत्र आलं की आपल्या पायऱ्यांवर जत्रा भरते. आई मधल्या पायरीवर बसते, बुआफान मावशी तोंडात पान कोंबून कुंपण ओलांडून येते, आणि मी खड्या आवाजात वाचायचं. एकदा नाही, दोनदा. 'खिडकीतून मेकोंग दिसते' आलं की मावशी मान डोलावते, "नशीब काढलं गं पोरीनं!" व्हरांड्यात झोपाळ्यावर लोळणारे फालांग, आपले गोरे पाहुणे, विचारतात, कसली प्रार्थना चालली आहे? मी म्हणते, हो, प्रार्थनाच.

आता माझी बातमी ऐक. विएंतियानच्या नर्सिंगच्या शाळेत माझं नाव लागलं! आपल्या जिल्ह्यातून दोघीच. ऑक्टोबरात, पावसाळा सरला की सुरू. जागा या वर्षी घेतली नाही तर गेली, पुन्हा नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती भात वाफवायची बांबूची टोपली घासत होती. म्हणाली, "आणि घराचं काय? घर धाकटीचं. ज्याचं घर त्यानं उंबऱ्यात बसावं." झालं. परत टोपली घासायला लागली. मोठीनं लग्न करून हवं तिथं उडावं, आणि शेंडेफळानं आईबापाची म्हातारपणं काढावीत, घर मिळतं ना त्याच्या बदल्यात! मला नको आहे घर. कुणी विचारलं होतं मला?

आणि घर तरी कसलं ताई, धर्मशाळा. पहाटेपासून खोल्या भाड्यानं घेतलेल्या फालांगांसाठी केळ्याचे पॅनकेक थापायचे. सूर्य वर आला की हे सगळे ट्रकच्या चाकाच्या ट्यूबा पाठीला लावून नदीवर जाणार, दिवसभर पाण्यात बूड बुडवून वाहत येणार, आणि संध्याकाळी उकडलेल्या खेकड्यासारखे लाल होऊन परतणार. परवा एकानं विचारलं, "तू इथे कधीपासून आहेस?" म्हटलं, जन्मल्यापासून. तो खो खो हसला. मग म्हणतो, किती सुंदर डोंगर, चारी बाजूंनी! हो रे बाबा, चारी बाजूंनी. तेच तर.

तुझ्यापुढे पदर पसरते. तू आणि भावोजी इथे या. मोटारसायकली इथे रोज आपटतात, गॅरेज धो धो चालेल. मी तुमच्या खोलीत राहून शिकते. तेही जमत नसेल तर निदान मला तुझ्याकडे ठेवून घे, आईला मी कसंही पटवीन.

तिच्यासमोर वाचायचं नसेल ते वेगळ्या चिठ्ठीवर लिही, मी कमरेला खोचीन. पोस्टातल्या फोनवर तर अख्खं गाव ऐकतं.

तुझी ला

---

विएंतियान
१९ मे

आईस नमस्कार.

खामसिंग मजेत आहेत. ला, तुझं नाव लागलं हे वाचून फार आनंद झाला. पण आम्हाला येणं शक्य नाही. त्यांचं काम इथे बसलं आहे. आणि खोलीत सध्या त्यांच्या गावचे पाहुणे असतात, तुझी सोय नीट होणार नाही.

आईचं ऐक. आपल्या नावाचं दार असणं ही लहान गोष्ट नाही. रात्री पाठ टेकायला गेल्यावर 'हे माझं आहे' असं ज्याला म्हणता येतं त्यानं कुरकुर करू नये.

वेगळ्या चिठ्ठीत लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मणिवोन

---

वांग वियेंग
३ जून

मणिताई,

तुझं पत्र वाचून दाखवताना माझा आवाज एकदासुद्धा हलला नाही, शाबासकी दे मला. मावशी म्हणाली, "मोठी किती शहाणी!" आई या वेळी दोनदा वाच म्हणाली नाही.

पाहुणे आहेत म्हणे! खिडकीत अख्खी मेकोंग मावते आणि एक बहीण मावत नाही? असू दे. तू तिकडे दिवे बघ.

इकडे एक भानगड झाली आहे. सिग्ने नावाची डेन्मार्कची एक पोरगी उतरली होती, दोन मैत्रिणींबरोबर. नदीवर दोरीचा झोका बांधलाय ना, त्यावरून उडी मारली. पाऊस अजून नाही, झोक्याखाली जेमतेम गुडघाभर पाणी. पायाचं हाड कडकन मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाला, ते निघेपर्यंत विमान नाही, लांबचा प्रवास नाही. मैत्रिणी चार दिवस डोळे पुसत बसल्या आणि पाचव्या दिवशी पुढच्या गावाला गेल्या. त्यांचं तिकीट काढलेलं होतं.

आता ती व्हरांड्यात पडून असते. काल रडायला लागली. म्हणाली, "मी इथे अडकले गं. रोज तेच डोंगर. मला वेड लागेल." मला हसूच आवरेना. मग माझं हसू कधी थांबलं आणि मीही कधी रडायला लागले कळलं नाही. दोघी एकाच टॉवेलला डोळे पुसत बसलो.

आणि तेव्हाच डोक्यात आलं. ताई, ही एकवीस वर्षांची आहे. मी चोवीस. आईनं हिच्या मनगटाला दोरा बांधून हिला लेक म्हणून घेतली, तर घरात धाकटी कोण?

हसू नकोस. फोंग काकांनी नाही का व्हिएतनामी सुताराला दोरे बांधून मुलगा केला? तो त्यांचं शेत करतोच आहे. रीत ती रीत.

ला

---

विएंतियान
१२ जून

ला,

हे वाचून दाखवू नकोस, वाटेल ते बनवून वाच. अगं वेडे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? फोंग काकांचा सुतार कुठे जाणार होता? त्याला जायला गावच नव्हतं. ही पोरगी पाय बरा झाला की विमानात बसेल. पाहुण्याच्या गळ्यात घर बांधून कुणी सुटलं आहे का?

आणि माझ्यावर रागावू नकोस. मला ते सोसत नाही.

मणि

---

वांग वियेंग
७ जुलै

मणिताई,

केलं! काल सगळं यथासांग पार पडलं.

ते पूर्वी भिख्खू होते ना, हल्ली गावाचे मंत्र म्हणतात, त्या बाबांना बोलावलं. झेंडूचा मनोरा रचला, उकडलेली अंडी, कोंबडी, तांदळाची दारू. सिग्नेला मी आधी सगळं समजावलं. माणसाच्या अंगातले खवान, म्हणजे जीव, घाबरून पळाले की माणूस खचतं, म्हणून त्यांना हाका मारून घरी आणायचं आणि दोऱ्यानं मनगटात बांधून ठेवायचं. ती म्हणाली, माझे सगळे त्या नदीतच राहिलेत. आई तिच्यासमोर बसली, दोरा बांधला आणि म्हणाली, "आजपासून तू माझी लेक. माझी ला, माझं शेंडेफळ." पोरगी हमसून हमसून रडली. बुआफान मावशीपण रडली, पण ती दारू होती.

मी किती खूश व्हायला हवं होतं! पण आईनं तिला 'ला' म्हटलं ना, तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेले. चोवीस वर्षं त्या नावाला कंटाळले, आणि दुसरीला मिळालं तर डोळ्यांत पाणी. मेली जातच वाईट आपली.

ती मनापासून करते आहे सगळं. बसल्या जागेवरून चिकट भात उलटायला शिकली. आंबवलेल्या माशांच्या, पादेकच्या मडक्याचं झाकण उघडलं की नाक दाबते, पण जेवते. आई तिच्याकडून गुडघे चेपून घेते आणि लाओमध्ये शिव्या देते, ती "हो आई" म्हणते.

मी बॅग भरली आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोमफेट काकांच्या बसनं सरळ तुझ्या दाराशी येते. पाहुणे असोत नाहीतर राजा असो. स्वयंपाकघरात चटई टाकून झोपेन, पण नदीकाठच्या त्या घराच्या खिडकीत एकदा तरी बसेन. नाही म्हणालीस तरी येणार. आता तू मला अडवून दाखव.

ला

---

विएंतियान
१६ जुलै

ला,

ही वेगळी चिठ्ठी. पाकिटातलं मोठं पत्र आईसाठी आहे, ते वाच. ही कमरेला खोच.

नदीकाठी येऊ नकोस. तिथे घर नाही.

खामसिंग दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडे गेले, एका बाईबरोबर. जे दिवे मी लिहिते ना, त्यातला एक त्यांचा असेल. मी बस स्टँडजवळ, सुपाच्या दुकानामागे राहते. चौघीजणी, चार खाटा. खिडकी नाही. एक दार आहे, ते दुकानाच्या चुलीकडे उघडतं. पहाटे कारखान्यात जाते, दिवसभर शर्टांच्या कॉलर शिवते. रविवारी संध्याकाळी नदीवर जाऊन बसते, म्हणजे पत्रात लिहिलेलं अगदीच खोटं होऊ नये.

तू मला बोलावलंस तेव्हा मी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. मला घरी यायचंय ला. मला आपल्या पायऱ्यांवर बसून पान खाणाऱ्या मावशीचा आवाज ऐकायचाय. पण कुठल्या तोंडानं येऊ? लग्न करून निघाले तेव्हा आई म्हणाली होती, थोड्या दिवसांनी जा, जावयाला आधी आपल्या घरी राहू दे, रीत आहे. मी ऐकलं नाही. आणि आता नवरा कुठाय म्हणून पहिल्या दिवशी सगळं गाव विचारेल. शिवाय घर तुझं. टाकलेली मोठी बहीण धाकटीच्या घरात काय म्हणून राहील?

तुला नको असलेल्या जागेवर माझा जीव अडकला आहे आणि मला तिथे पाय ठेवता येत नाही. आईला सांगू नकोस. ती मरेल.

मणि

---

वांग वियेंग
४ ऑगस्ट

मणिताई,

आई मेली नाही. चांगली खणखणीत आहे. झालेलं सांगते.

मोठं पत्र वाचत होते. 'खामसिंग मजेत आहेत' म्हटलं आणि माझा हात कमरेकडे गेला. आई म्हणाली, "कमरेला काय खोचलंयस? काढ. वाच." मी नाही म्हटलं. तिनं मावशीला घरी पाठवलं. बुआफान मावशीला घरी पाठवलं, ताई! तेव्हाच मी समजले. सगळं वाचून दाखवलं. ती एकच म्हणाली, "आता दोनदा." आणि दुसऱ्यांदा वाचताना तिनं डोळे मिटून घेतले होते.

सिग्नेचं प्लास्टर निघालं. गेल्या बुधवारी ती गेली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली, राहते म्हणत होती. आईनंच तिला बसमध्ये बसवलं आणि टोपलीभर भात दिला. दोरा अजून मनगटावर होता. मी चिडून म्हटलं, लेक केली होतीस ना, मग अडवलं का नाहीस? तर म्हणते, "तिची आई तिकडे पायरीवर बसली असेल." मला का नाही कधी असं म्हणाली?

आता पुढचं ती सांगते आहे आणि मी लिहिते आहे. एक अक्षर बदललंस तर याद राख, अशी धमकी आहे.

मणे. तुला वाटलं मी दूधखुळी आहे? वाचता येत नाही म्हणून ऐकताही येत नाही? सुखात असलेलं माणूस कुरकुर करतं. भात करपला, नवरा घोरतो, शेजारीण चोरटी आहे. दोन वर्षं तुझ्या पत्रात एक कुरकुर नाही. खिडकी, दिवे, खिडकी, दिवे. मी दोनदा का वाचायला लावत होते? वाटायचं, दुसऱ्यांदा तरी पोरगी खरं बोलेल.

आणि ही दुसरी. माझ्यापासून सुटायला परक्या देशातली पोर धाकटी बहीण करून आणते! मी बघत होते आणि कोंबडी खात होते. मीसुद्धा धाकटीच होते गं. मला पुलाच्या कामावरच्या एका माणसाबरोबर पार दक्षिणेला, पाकसेला जायचं होतं. माझ्या आईनं टोपली घासत घासत नाही म्हटलं. मीही तेच केलं, कारण मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

पण मी एकटी राहणार नाही, हे दोघींना सांगते. मला भीती वाटते. रात्री परके लोक वर चालतात, मला त्यांची भाषा येत नाही. एक लेक मला घरात पाहिजे. कोणती, त्याबद्दल मी तोंड उघडणार नाही. नवऱ्याचं कुणी विचारलं तर मी सांगेन, मेला. मणे, ये. पायरीखालचा पाण्याचा रांजण भरून ठेवलाय, पाय धू आणि वर ये.

एवढंच सांगितलं तिनं. आता टोपली घासते आहे.

तुझी ला

---

वांग वियेंग
३ नोव्हेंबर

माझ्या ला,

पहिली कुरकुर: आईनं आज तीन वेळा भात परत शिजवायला लावला. दुसरी: बुआफान मावशी 'मेलेल्या' जावयासाठी देवळात फुलं वाहून आली आणि मला रडून दाखवावं लागलं. तिसरी: मला हे फालांग लोकांचे पॅनकेक जमत नाहीत, फाटतात. बघ, किती सुखात आहे मी.

खरंच आहे. पहिल्या रात्री माझ्या हाताला इतके दोरे बांधले की मनगट वाकेना. भिख्खूबाबा हाका मारत होते, ये गं, नदी ओलांडून ये, दुसऱ्याच्या दारातून ये, आणि मला वाटलं माझ्यातलं काहीतरी खरोखर धापा टाकत पायऱ्या चढून आलं. आता मी व्हरांडा झाडते. एकानं मला विचारलं, तू इथे कधीपासून आहेस? म्हटलं, जन्मल्यापासून.

सिग्नेचं कार्ड आलंय. दोरा काळा पडलाय, कापणार नाही म्हणते. घरी कोणती बहीण आहे, असं विचारलंय.

आता तुझं. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून माझी खाट घेतलीस, ते मला आवडलं नव्हतं. वाटलं, चार दिवसांचं आहे. तुझं एकही पत्र नाही. आणि काल सोमफेट काका सांगत होते, गेल्या रविवारी तू स्टँडवर आली होतीस. बसच्या दाराशी कितीतरी वेळ उभी होतीस. काकांनी विचारलं, पत्र द्यायचंय? तू जागा आहे का म्हणालीस, आणि त्यांनी हो म्हटल्यावर निघून गेलीस.

काय झालंय बाळा? शाळेत कुणी बोललं? बाकीच्या तिघी त्रास देतात? त्या चुलीच्या धुरात मला पहिले सहा महिने झोप लागायची नाही. मी तिथून निघताना तुला दाराशी उभी केली आणि मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर निघवलं नसतं.

यायचं असेल तर ये. घर तुझं आहे. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते तुला कळणार नाही. खरं सांगू? मला भीती वाटते तू येशील. इतकी भीती वाटते की बसचा हॉर्न वाजला की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. तू आलीस तर मी कोण? पुन्हा कुठे जाऊ? असली बहीण मिळाली तुला. पण तू सुकलेली असशील तर ये. मी काहीतरी बघेन.

आई रोज विचारते, पत्र आलं का. आता वाचायची पाळी माझी आहे. पायरीवर जत्रा भरते आहे.

मणि

---

विएंतियान
१० नोव्हेंबर

आईच्या पायांशी नमस्कार. मणिताई, हे नीट खड्या आवाजात वाच, मावशीलाही बोलाव.

शाळा उत्तम चालली आहे. पांढरी टोपी मिळाली. सुई टोचायला शिकलो, आधी संत्र्याला आणि मग एकमेकींना. सोमफेट काकांना म्हणावं, त्या दिवशी मी एका मैत्रिणीसाठी बसचं विचारत होते, उगाच घरी जाऊन तिखटमीठ लावू नका. मला तर सुट्टीतही यायला जमेलसं दिसत नाही, इतका अभ्यास आहे. वर्ष-दोन वर्षं माझी वाटच बघू नका.

आणि ताई, मी ती खाट सोडली. शाळेतल्या एका मुलीबरोबर नवी खोली घेतली आहे, नदीकाठी. खोली हवेशीर आहे. खिडकीतून मेकोंग दिसते. संध्याकाळी पलीकडे दिवे लागतात.

आई, कुरकुर मात्र आहे हं. त्या खिडकीतून वारा इतका येतो, इतका येतो, की रात्रभर माझ्या वह्या उडतात आणि मला मेलीला झोप म्हणून लागत नाही.

तुमची ला